आकाशाशी तहाची बोलणी

जयंत नारळीकरांच्या आत्मचरित्राचं नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरं. कोल्हापूरकराला हे जरा लागतंच. १९ जुलै १९३८ला त्यांचा जन्म झाला तो कोल्हापुरात. वडील विष्णू वासुदेव नारळीकर इथलेच, आजोळचे हुजूरबाजारही इथलेच. बनारसच्या घरात फळ्यावर अवघड गणित लिहून भाच्याला आव्हान देणारे मोरूमामा त्याच घराण्यातले. असो, रुसवा बाजूला ठेवू.

२० मे २०२५ला नारळीकर गेले. त्यानंतर त्यांच्या कथा-कादंबऱ्या पुन्हा हातात घेतल्या तेव्हा जाणवलं, की त्यांच्याकडे परग्रहवासी तलवार उपसून येत नाही. भांडण जुंपतं ते माणसांत.

ही खोड गुरुघरची असावी. १९५७मध्ये नारळीकर केंब्रिजला पोचले आणि त्याच वर्षी फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी आली. सूर्याला वेढणारा एक प्रचंड ढग येतो आणि तो ढगच बुद्धिमान निघतो. शास्त्रज्ञ त्याची भाषा जुळवतात, बोलणं सुरू होतं, एवढ्यात सरकारं घाबरून त्याच्यावर हायड्रोजन बॉम्बची रॉकेटं सोडतात. ढग ती आल्या वाटेनं परत पाठवतो आणि माणसांची शहरं बेचिराख होतात. बोलणी फिसकटतात ती पाहुण्यामुळे नव्हे. पुढे हॉईल यांच्याच हाताखाली नारळीकरांनी संशोधन केलं. १९६१मध्ये मार्टिन राईल यांनी हॉईल यांच्या स्थिर विश्वाच्या सिद्धान्तावर हल्ला चढवला, तेव्हा गुरूची बाजू मांडायला हा तरुण विद्यार्थी उभा राहिला. गंमत म्हणजे १९७४मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीतून अमेरिकी शास्त्रज्ञांनी परग्रहवासीयांना संदेश धाडला, तेव्हा ‘आपला पत्ता देऊ नका’ असा आक्षेप घेणारे हेच राईल होते. कोण जाणे, ऐकणारे भुकेले असतील तर?

त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर! अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातानं लिहिलेली. अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणं व्याख्यान सुरू असताना तिची सुरुवात झाली होती. त्या व्याख्यात्याचे मराठीनं आभार मानायला हवेत. वर्षभरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली, आणि विज्ञानकथा पोरांच्या खाऊतून मोठ्यांच्या पंगतीत आली.

‘प्रेषित’मध्ये परग्रहावरून आलेला मुलगा पृथ्वीवर वाढतो. तो नेमका कोणाचा, जिथून आला त्यांचा की ज्यांनी वाढवलं त्यांचा, हा प्रश्न कुठल्याही तहनाम्यापेक्षा अवघड आहे. ‘वामन परत न आला’मध्ये खोदकामात एका अतिप्रगत संस्कृतीची पेटी सापडते. तिच्यातल्या ज्ञानावरून यंत्रमानव घडतो आणि त्याला आपल्यासारखेच आणखी हवे असतात. बळीच्या गोष्टीतल्यासारखी मागणी आधी लहानच दिसते. इथेही शास्त्रज्ञांची घाई आणि लोभी माणसांची कारस्थानं यांनीच घोळ वाढतो. माझं मत विचाराल तर या कादंबऱ्यांतली पात्रं बरीचशी पातळ आहेत. ती बोलतात कमी आणि समजावून सांगतात जास्त. ‘वामन’ तरीही आज जास्त टोचते, कारण स्वतःसारखी यंत्रं बनवणाऱ्या यंत्राची भीती आता वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असते.

कल्पनेतल्या पाहुण्यांशी बोलणी करणाऱ्या या लेखकानं खऱ्या पाहुण्यांचा शोधही घेतला. जीवसृष्टीचं बीज अंतराळातून आलं असावं, हे हॉईल आणि चंद्र विक्रमसिंघे यांचं म्हणणं तपासायला जानेवारी २००१मध्ये हैदराबादहून बलून सोडला गेला. ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. त्यात जिवंत पेशी मिळाल्या. २००५मध्ये पुन्हा उड्डाण झालं, आणि २००९मध्ये इस्रोनं त्यातल्या तीन नव्या जिवाणूंची घोषणा केली. एकाचं नाव ‘जॅनिबॅक्टर हॉयली’.

एच. जी. वेल्सच्या १८९८च्या कादंबरीत मंगळावरून आलेले हल्लेखोर मरतात ते पृथ्वीवरच्या साध्या जिवाणूंनी. इथे उलट, जिवाणूच वरून आलेले ठरतात की काय हे पाहायचं होतं. खरंच आले असतील तर बोलणी कोणाशी करणार? त्यांना ना भाषा, ना राजदूत. घोषणा करतानाच इस्रोनं स्पष्ट केलं, की या जिवाणूंचं मूळ पृथ्वीबाहेरचंच आहे असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. विक्रमसिंघे मात्र २००१च्या पहिल्याच उड्डाणानंतर ठामपणे बोलू लागले होते.