तबकडी तीच, वाचणारे यंत्र वेगळे

एका संगणकावर भरलेली तबकडी दुसऱ्याला वाचता येईल का, हे तिच्या आकारावरून सांगता येत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲपलचा मॅकिंटॉश, कमोडोरचा अमिगा आणि आयबीएम पद्धतीचे पीसी या तिन्हींत साडेतीन इंची फ्लॉपी सारखीच बसत असे. कोरी फ्लॉपी तिघांपैकी कोणालाही चाले. एकदा फॉरमॅट झाली की ती एकाच घराण्याची होई. त्याच फ्लॉपीवर पीसी ७२० किलोबाइट मजकूर ठेवी, मॅक ८०० आणि अमिगा ८८०.

या फरकाचे मूळ तबकडीवरच्या चुंबकीय लेपावर लिहिण्याच्या पद्धतीत आहे. ड्राइव्हच्या हेडला शून्य किंवा एक दिसत नाही. फिरणाऱ्या लेपावर चुंबकाची दिशा कुठे पालटते, एवढेच त्याला कळते. अशा दोन पालटांमध्ये किती वेळ गेला, यावरून कंट्रोलर चिप शून्य-एकांची ओळ जुळवते. कोणत्या अंतराला कोणता अर्थ द्यायचा, याचा संकेत प्रत्येकाने आपापला ठरवला होता. पीसीचा संकेत एमएफएम नावाचा. ॲपल आणि कमोडोरच्या जुन्या फ्लॉपी जीसीआर संकेताच्या.

मॅकच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. फ्लॉपीवर एकात एक वर्तुळाकार ट्रॅक असतात, साडेतीन इंचीच्या प्रत्येक बाजूला ८०. बाहेरचा ट्रॅक लांब, आतला आखूड. पीसी या फरकाकडे लक्षच देत नाही: मोटर मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या स्थिर वेगाने फिरते आणि प्रत्येक ट्रॅकवर ५१२ बाइटचे नऊ सेक्टर, म्हणजे कप्पे, बसतात. बाहेरची बरीच जागा त्यात वाया जाते. मॅकने ती वापरली. त्याची मोटर बाहेरच्या ट्रॅकवर मिनिटाला सुमारे ३९४ फेरे घेई आणि आत येता येता ५९० पर्यंत पोचे. त्यामुळे बाहेरच्या सोळा ट्रॅकवर बारा-बारा सेक्टर मावत, पुढच्या सोळांवर अकरा, आणि असे उतरत शेवटच्या सोळांवर आठ. रचना सुरेखच होती, पण तिची किंमत मोठी होती: पीसीच्या ड्राइव्ह-कंट्रोलरच्या जोडीला अशी फ्लॉपी वाचणे अशक्य झाले.

अमिगाचे कोडे वेगळे. तिथे संकेत पीसीचाच, एमएफएम, आणि वेगही तोच. फक्त अमिगा संपूर्ण ट्रॅक एका दमात लिही, त्यामुळे सेक्टरांमधली मोकळी जागा ठेवावी लागत नसे आणि नवाच्या जागी अकरा सेक्टर बसत. पीसीची कंट्रोलर चिप मात्र प्रत्येक सेक्टरच्या तोंडाशी आयबीएम पद्धतीची खूण शोधते. ती न सापडल्याने समोरचा मजकूर शाबूत असूनही चिपला काही हाती लागत नाही. उलट अमिगात ट्रॅकवरचे कच्चे बिट थेट मेमरीत येत आणि त्यांचा अर्थ सॉफ्टवेअर लावी. म्हणून क्रॉसडॉस या प्रोग्रामने अमिगाला पीसीच्या फ्लॉपी वाचता आल्या. पीसीला अमिगाच्या आल्या नाहीत. मॅकचीही तीच कथा. १९८८ पासून आलेल्या सुपरड्राइव्हला एमएफएम समजू लागले आणि मॅक पीसीच्या फ्लॉपी घेऊ लागला. जुन्या ८०० किलोबाइटच्या फ्लॉपीपुढे पीसी मात्र अडलेलाच राहिला.

संकेत जुळला तरी मजकुराची मांडणी जुळेलच असे नाही. सीपी/एम या त्याआधीच्या कार्यप्रणालीची आठ इंची प्रमाण फ्लॉपी ठरलेली होती: ७७ ट्रॅक, प्रत्येकावर १२८ बाइटचे २६ सेक्टर. सव्वापाच इंची फ्लॉपी आल्यावर असा करार झालाच नाही. ऑसबॉर्न, केप्रो आणि इतर कंपन्यांनी सेक्टरचा आकार, त्यांचा क्रम, फाइलींची यादी सुरू होण्याची जागा, सगळे आपापले ठरवले. कार्यप्रणाली एक, प्रोसेसरही बहुधा एकच, आणि तरी फ्लॉपींची देवाणघेवाण नाही. युनिफॉर्म आणि २२डिस्क यांसारख्या प्रोग्रामांनी कितीतरी यंत्रांच्या मांडणीचे तक्ते सोबत घेऊन ही कोंडी फोडली.

सीडीच्या वेळी मात्र कंपन्या आधीच शहाण्या झाल्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये अमेरिकेतल्या लेक टाहो येथील हाय सिएरा हॉटेलात त्यांचे प्रतिनिधी जमले. तिथे आकाराला आलेली मांडणी थोड्या फरकाने १९८८ मध्ये आयएसओ ९६६० हे मानक झाली. तिच्यात सर्वात उदार गोष्ट आकड्यांची आहे. इंटेलचे प्रोसेसर मोठ्या संख्येचा लहान किमतीचा बाइट आधी ठेवतात, तर त्या काळच्या मॅकमधले मोटोरोलाचे प्रोसेसर मोठ्या किमतीचा. या मानकात फाइलीची जागा आणि लांबी दोन्ही क्रमांनी, दोनदा लिहिली जाते. ज्याने त्याने आपली प्रत वाचावी. तबकडीचे पहिले सोळा सेक्टर मोकळे सोडलेले आहेत. तिथे मॅकसाठीची स्वतंत्र नोंद ठेवता येई, त्यामुळे एकच सीडी दोन्ही यंत्रांत चाले. आठ अक्षरे आणि तीन अक्षरांचे शेपूट एवढ्यावर बांधलेली फाइलींची नावे पुढे युनिक्सवाल्यांच्या रॉक रिज आणि मायक्रोसॉफ्टच्या जोलिएट या जोडण्यांनी सैल झाली. ज्या यंत्राला या जोडण्या कळत नाहीत, त्याला जुनी आखूड नावे दिसत राहतात. काहीही न मोडता भर घालण्याचा हा नमुना आहे.

जुन्या फ्लॉपींसाठीचा आजचा उपाय कंट्रोलर चिपला बाजूला सारण्याचा आहे. क्रायोफ्लक्स आणि ग्रीझविझल ही छोटी उपकरणे साध्या पीसी ड्राइव्हला जोडली जातात आणि दोन पालटांमधला वेळ तेवढा नोंदवतात. अर्थ नंतर संगणकावर लावायचा. मॅकची फ्लॉपी स्थिर वेगाच्या ड्राइव्हवर फिरवली तर बाहेरच्या आणि आतल्या ट्रॅकवरचे बिट वेगवेगळ्या गतीने येतात. सॉफ्टवेअर ती गती ओळखते आणि मजकूर मिळतो. जो मोटरच्या वेगाचा प्रश्न वाटत होता, तो हिशोबाचा निघतो.

फाइल हाती आल्यावरही मराठी वाचकाचे काम संपत नाही. युनिकोड रुळण्याआधी महाराष्ट्रातला बहुतेक छापील मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या फॉन्टांत जुळवला गेला. त्या फाइलींत मराठी अक्षरांचे संकेत नसून त्यांच्या तुकड्यांचे संकेत आहेत: अर्धे अक्षर, काना, मात्रा, रफार, इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले. फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. शिवाय तुकड्यांचा क्रम डोळ्यांना दिसतो तसा असतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलट. त्यामुळे रूपांतर करताना अक्षरे बदलण्याबरोबर त्यांच्या जागाही बदलाव्या लागतात, आणि प्रत्येक फॉन्टसाठी तक्ता निराळा लागतो. म्हणून जुन्या पुस्तकाची वा अंकाची फ्लॉपी उतरवून घेताना तिच्यावर फॉन्टची फाइल असेल तर तीही आधी घ्यावी, आणि नसेल तर फॉन्टचे नाव तरी नोंदवून ठेवावे.