परवानगीचा कागद आणि लेखकाची सुरुवात

मंडळी, मागच्या वेळी आपण प्रागबद्दल बोललो. व्हाक्लाव हावेलचं ‘गार्डन पार्टी’ 1963 साली रंगमंचावर आलं, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. पाच वर्षांनी रशियन रणगाडे आले, त्याच्या नाटकांवर बंदी आली आणि 1974 मध्ये तो बिअरच्या कारखान्यात मजुरी करत होता. व्याख्यान संपल्यावर एका मुलाने विचारलं, “सर, हे तिकडचं झालं. आपल्याकडे?”

प्रश्न रास्त आहे. आंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं आणि बीडसह सगळा मराठवाडा निजामाच्या संस्थानात होता, त्या काळात जाऊ या. राजवट कम्युनिस्ट नव्हती, सरंजामी होती. पण तिच्याकडे ‘गश्ती निशाण 53’ होतं. गश्ती म्हणजे परिपत्रक, निशाण म्हणजे क्रमांक. सभा घ्यायची तर आधी अर्ज करा, विषय कळवा, परवानगीची वाट पाहा. खाजगी शाळेला परवानगी, आखाड्यालाही परवानगी!

आता इथे जरा थांबू या, कारण गंमत वरवर दिसते त्याहून खोल आहे. प्रागचा सेन्सॉर संहिता वाचायचा, म्हणजे त्याची नजर लेखकावर. 53 नंबरच्या गश्तीची नजर ऐकणाऱ्यांवर होती. वाचता येणारे थोडे, सरकारी शिक्षण उर्दूत, उस्मानिया विद्यापीठही 1918 पासून उर्दू माध्यमाचं. अशा मुलखात मराठी शब्द पोचायचा तो कानांनी: कीर्तनातून, मेळ्यातून, सभेतून. माणसं जमूच दिली नाहीत तर पुस्तक जप्त करायची गरज काय? छापील शब्दाला निदान पळवाट होती. आ. कृ. वाघमारे यांचं ‘मराठवाडा’ साप्ताहिक संस्थानाबाहेर छापलं जाई. बंदी आली की दुसऱ्या नावाने निघे.

आणि याच काळात आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात एक तरुण लिहू लागला. भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे बी. रघुनाथ, जन्म 1913. नोकरी निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात. पोट सरकारी पगारावर, लेखणी मराठीत. ‘ओ’ ही कादंबरी 1936 ची, ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह 1941 चा. त्यांना कोणी बोलावून दम दिला होता का, हा प्रश्न आम्हाला दुय्यम वाटतो. दर महिन्याला ज्याच्या सहीने पगार निघतो, त्याच्याबद्दल काय लिहायचं नाही हे कारकुनाला सांगावं लागत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही याला स्वातंत्र्याचा आतून होणारा संकोच म्हणायचो. वर्गाबाहेर साधा शब्द आहे, जपून राहणं. त्यांना भित्रे म्हणणाऱ्यांशी मात्र आम्ही सहमत नाही. घर चालवून, कचेरी सांभाळून, त्या वातावरणात मराठी कादंबरी लिहिणं हीच मोठी गोष्ट होती.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली, संस्थान संपलं. पुढच्याच वर्षी बी. रघुनाथांची कादंबरी आली. तिचं नाव ‘जगाला कळले पाहिजे’. 1936 ते 1949, तेरा वर्षं. आणि 1953 साली, चाळिशीतच, ते गेले.

तर ज्याने प्रश्न विचारला त्या मुलाने ही कादंबरी आधी वाचावी. हावेलकडे आपण पुढच्या वेळी परत जाऊ.