चेंडू हातातून सुटला की नाही?

कबड्डी काय असते, हे आपल्या कुरवंड्यात कोणाला सांगायला नको. गडी चढाईला गेला आहे, समोरच्या अंगणात शिरला आहे, आणि तेवढ्यात वेळ संपली. मग चढाई मोडायची का? नाही. सुरू झालेली शेवटची चढाई पुरी होऊ द्यावी, असा नियमच आहे. गडी मारून परतला तर गुण त्याच्या संघाचा. धरला गेला तर समोरच्यांचा.

आता शाळा-कॉलेजात जाणारी पोरं बास्केटबॉलही खेळतात. आपण बघायला जातो. सामना अटीतटीचा होतो. चेंडू हवेत असतो, तोच भोंगा वाजतो, आणि मग चेंडू कड्यातून खाली पडतो. एक बाजू नाचू लागते. दुसरी ओरडते, "वेळ संपली होती!" दोन गावांचं बोलणं बंद पडायला एवढं पुरे होतं. म्हणून हा नियम नीट समजून घेऊ.

बास्केट म्हणजे टोपली. १८९१ साली अमेरिकेत जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने फळांच्या दोन टोपल्या उंच टांगल्या आणि पोरांना त्यांत चेंडू टाकायला लावले. आता टोपलीच्या जागी लोखंडी कडे असते. ते जमिनीपासून दहा फूट उंच असते. दहा-दहा मिनिटांचे चार डाव होतात. पंचाची शिट्टी वाजली की घड्याळही थांबवतात.

नियम असा आहे. भोंगा वाजण्याआधी चेंडू हातातून सुटलेला असला, तर तो नंतर कड्यात पडला तरी गुण मिळतात. भोंगा वाजताना चेंडू हातात असला, तर मिळत नाहीत. बोटाचे टोक जरी चेंडूला लागलेले असले, तरी तो हातातच आहे असे धरतात. गोफणीतून धोंडा सुटला की तो आपल्या हातचा राहत नाही, तसेच हे. कबड्डीत आख्खी चढाई पुरी करू देतात. इथे तेवढी मोकळीक नाही.

आपण बघणारे सगळे कड्याकडे बघतो. तिथेच आपली चूक होते. पंच बघतो हाताकडे. मोठ्या सामन्यांत त्याच्या मदतीला कड्यामागच्या फळीभोवती दिवे असतात. वेळ संपली की ते लाल पेटतात. भोंगा असताना दिवा कशाला? नागफणीच्या बाजूला समोरच्या डोंगरावर कोणी झाड तोडत असेल, तर कुऱ्हाड पडलेली आधी दिसते आणि आवाज मागून येतो. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. उजेड त्याहून कितीतरी वेगाने येतो. मैदान २८ मीटर लांब असते. म्हणजे या टोकाचा आवाज त्या टोकाला जायला सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडा कमी वेळ लागतो. एवढ्यातही चेंडू हातातून सुटतो!

बाहेरून चेंडू आत फेकला, तरी घड्याळ लगेच चालू होत नाही. आतल्या खेळाडूचा हात चेंडूला लागला की चालू होते. त्या वेळी सेकंदाचे तीन दशांश तरी उरले असतील, तरच चेंडू झेलून नेम धरता येतो. त्याहून कमी उरले, तर नुसता टोलवायचा, नाहीतर वरच्या वर कड्यात घालायचा.

घड्याळ सांभाळणाऱ्यांचा घोळ झाला तर काय होते, हे १९७२ साली जर्मनीतील म्युनिक शहरी दिसले. ऑलिंपिकचा अंतिम सामना होता. अमेरिका ५० आणि रशियाचा सोव्हिएत संघ ४९. तीन सेकंद उरले होते. खेळ सुरू झाला, पण मध्येच थांबवला. घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर न्यायला सांगितले. ते नीट लागायच्या आतच खेळ सुरू झाला आणि भोंगा वाजला. अमेरिकेची पोरं नाचू लागली. पण पुन्हा तीन सेकंद खेळवले. तेच तीन सेकंद तिसऱ्यांदा! या खेपेला सोव्हिएत खेळाडू बेलोव्ह याने चेंडू कड्यात घातला आणि ५१-५० असा निकाल लागला. अमेरिकेने तक्रार केली, ती फेटाळली गेली. रागाने त्यांनी रुपेरी पदके घेतलीच नाहीत.

गावच्या मैदानावर बहुधा भोंगाही नसतो आणि दिवेही नसतात. टेबलाशी एक माणूस घड्याळ घेऊन बसतो आणि वेळ संपली की शिट्टी फुंकतो. घड्याळ बघून शिट्टी तोंडाला लावेपर्यंत थोडा उशीर होतोच. म्हणून दोन्ही कप्तानांना आधीच बोलावून ठरवावे, की शिट्टी वाजली तीच वेळ, आणि चेंडू सुटला की नाही हे मुख्य पंच सांगेल. घड्याळ धरणारा खेळाडूंचा मामा-काका नसलेला बरा.

आणखी एक राहिले. नेम धरणाऱ्याला भोंग्याआधी कोणी ढकलले, तर वेळ संपल्यावरही त्याला मोकळेपणी चेंडू टाकू देतात. त्याला 'फ्री थ्रो' म्हणतात. घड्याळ शून्यावर असते, आडवे कोणी येत नाही. सगळे गाव गप्प उभे असते, आणि तो एकटा कड्याकडे बघत असतो.