कवचावरून कुळी

औंढा नागनाथच्या मंदिराचा दगड तुमच्यापैकी पुष्कळांनी हात लावून पाहिला असेल. काळा, घट्ट आणि जड. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हा तप्त रस वर आला, थरावर थर बसले आणि आपले दख्खनचे पठार तयार झाले. आता प्रश्न असा, की यातला कोणता थर आधीचा आणि पृथ्वीच्या इतिहासात तो कुठे बसवायचा? तापलेल्या रसात जीव कसा राहणार! म्हणून औंढ्याच्या काळ्या दगडाला हे विचारून फारसा उपयोग नाही. मात्र औंढ्याच्या शिवारातले पाणी, कोणत्याही ओढ्याने गेले तरी, अखेर गोदावरीलाच मिळते. त्या गोदावरीच्या खालच्या अंगाला, आंध्रातील राजमहेंद्रीजवळ, या प्रश्नाचे साक्षीदार सापडले आहेत. ते मोहरीच्या दाण्याहूनही लहान आहेत.

त्यांचे नाव फोरॅमिनिफेरा. हा समुद्रात राहणारा जीव. त्याचे सारे शरीर म्हणजे एकच पेशी. पण ती स्वतःभोवती कवच बांधते. जीव मेला की शरीर कुजून जाते, कवच तळाच्या गाळात पडते, आणि गाळाचा खडक झाला की त्यात ते जीवाश्म होऊन राहते. घरधनी गेला, घर उरले! तेव्हा कुळी ओळखायची ती घरावरूनच.

फ्रान्समधील दॉर्बिन्यी या शास्त्रज्ञाने 1826 साली या कवचांची पद्धतशीर विभागणी केली. गंमत अशी, की हे प्राणी माकूळ, अष्टपाद यांचे लहानगे भाईबंद आहेत असे त्याला वाटत होते. 1835 साली द्युजार्दें याने जिवंत प्राणी पाहून ते अगदी साधे, एकपेशीय असल्याचे दाखवले. मालकाबद्दलचा समज बदलला, पण घराच्या मांडणीवरून गट पाडण्याची रीत टिकली.

ही रीत तीन प्रश्नांत सांगता येईल. पहिला प्रश्न, घर कशाचे? कुंभारीण माशी चिखलाचे घर करते ना, तसे काही फोरॅमिनिफेरा वाळूचे कण चिकटवून कवच करतात. काहींचे कवच चुन्याचे, पण चिनी मातीच्या बशीसारखे पांढरे आणि अपारदर्शक. काहींचे चुन्याचेच, परंतु काचेसारखे, बारीक छिद्रांनी भरलेले.

दुसरा प्रश्न, खोल्या कशा मांडल्या? काहींना एकच खोली, सुरईसारखी. काहींच्या खोल्या माळेच्या मण्यांसारख्या एका ओळीत. काहींच्या वेणीच्या पेडांसारख्या, एक डावीकडे तर पुढची उजवीकडे. काहींच्या चकलीसारख्या सपाट वेटोळ्यात, आणि काहींच्या गोगलगाईच्या शंखासारख्या वर चढत जाणाऱ्या. तिसरा प्रश्न, दार कुठे आणि कसे? शेवटच्या खोलीचे दार गोल आहे की फटीसारखे, टोकाला आहे की पोटाशी, हे बघायचे.

एवढा खटाटोप कशासाठी? तर प्रत्येक काळाची कवचे निराळी. विंधन करताना खोलातून खडकाचा नुसता चुरा वर येतो. त्यात मोठा शंख फुटून जातो, पण ही चिमुकली कवचे पुष्कळदा अखंड राहतात. म्हणून तेल शोधणारे लोक ती तपासतात. 1974 साली मुंबईपासून दूर समुद्रात तेल लागले, ते तळाखालच्या चुनखडकातच.

आता राजमहेंद्रीकडे वळू. आपल्याकडचा लाव्हा सुमारे एक हजार किलोमीटर वाहत तिथपर्यंत गेला असे भूशास्त्रज्ञ मानतात. तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये समुद्राचा गाळ अडकला आहे. डायनोसॉर नाहीसे झाले त्याच सुमारास समुद्रात तरंगणारे बहुतेक फोरॅमिनिफेराही नष्ट झाले. त्याआधीची कित्येक कवचे मोठी, कंगोरेदार आणि नक्षीची होती. नंतरची आली ती बारीक आणि साधी. दोन थरांमधल्या गाळात ही नंतरची, साधी कवचे मिळाली. म्हणजे खालचा लाव्हा त्या गाळाच्या आधी थिजलेला, आणि वरचा त्यानंतर आलेला. डायनोसॉरांचा नाश लाव्हाने झाला, आकाशातून कोसळलेल्या अशनीने झाला, की दोहोंनी मिळून, या वादात कोणती घटना आधी घडली याला मोठे महत्त्व आहे. आणि तिथे या बारीक कवचांची साक्ष घेतली जाते.

पण साक्षीदाराची उलटतपासणीही हवी. नाण्यासारखे दिसणारे नुम्युलाइट नावाचे जीवाश्म कच्छात विपुल सापडतात. त्यांच्या एकाच जातीत दोन घडणी असतात. एका पिढीची पहिली खोली मोठी, पण सारे कवच लहान. दुसऱ्या पिढीची पहिली खोली अगदी बारीक, पण कवच मोठे. एकाच घराण्यातल्या या दोन पिढ्यांना पूर्वी कित्येकदा दोन निराळ्या जातींची नावे दिली गेली. उलट, अलीकडे जिवंत प्राण्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली, तेव्हा एकसारख्या दिसणाऱ्या कवचांत निरनिराळ्या जाती लपलेल्या आढळल्या. ज्यांच्यापाशी कवचाखेरीज काहीच उरले नाही, त्यांच्या बाबतीत ही तपासणी करता येत नाही. म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. भिंत, खोल्या, दार आणि खडकातली जागा, सगळे मिळून पाहायचे.

शिक्षक बंधुभगिनींनो, सहल कोकणात गेली तर किनाऱ्यावरची मूठभर वाळू पुडीत बांधून आणा. ती गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, काळ्या कागदावर पसरा आणि चांगल्या भिंगाखाली पाहा. चिकाटीने शोधले, तर कणांमध्ये एखादे चिमुकले कवच सापडण्याचा चांगला संभव आहे. नाव लगेच सांगू नका. मुलांना तीन प्रश्न विचारा: घर कशाचे, खोल्या कशा, दार कुठे? मुले आपापल्या ढिगाऱ्या करतील, त्यावरून भांडतीलही. भांडू द्या, फक्त प्रत्येकाला कारण विचारा. वर्गीकरणाचे शास्त्र तिथूनच सुरू होते.