शर्यतीचे पॅड, रस्त्यावरची मोटार

धावती मोटार थांबते तेव्हा तिची गतिज ऊर्जा नाहीशी होत नाही, तर ब्रेकचे पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून तिचे उष्णतेत रूपांतर होते. आणि वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होत असल्याने, आंबेनळी घाट भरधाव उतरणाऱ्या मोटारीच्या चाकांना करपट वास का येतो, याचा उलगडा होतो. शर्यतीचे पॅड ही प्रखर उष्णता सोसतात खरे. परंतु पुरेसे तापल्यावाचून त्यांची पकड बसत नाही, आणि सकाळी पहिल्याच चौकात आडव्या आलेल्या सायकलस्वारापुढे हा गुण कुचकामी ठरतो. शिवाय ते कर्कश वाजतात व डिस्कही झिजवतात. तस्मात्, नित्याच्या वापरासाठी थंड असतानाही पकडणारे, रस्त्याकरिता बनविलेले पॅडच पसंत करावेत, आणि उतारावर खालचा गिअर टाकण्यात कसूर करू नये.