बेघरांची कला, बेघरांसाठी

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीच्या महापुराने हैदराबादेतील सहस्रावधी कुटुंबे उघड्यावर आणली. नदीकाठच्या गौलीगुड्यात ही आठवण निराळी सांगावी लागत नाही. परंतु घर केवळ पुरानेच जाते असे नाही. कुष्ठरोग्यास आप्तच उंबरठ्याबाहेर काढीत. अशा निराश्रितांसाठी बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली व वरोड्यास आनंदवन वसविले. तेथील रोगमुक्त आणि अपंग कलावंतांचा ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद २००२ साली उभा राहिला. त्यांच्या गायनवादनाने संस्थेच्या कार्यास द्रव्य मिळवून दिले. ज्यांना घराने नाकारले, त्यांनीच आपली कला इतरांच्या निवाऱ्यासाठी वाहिली. आपल्या गणेशोत्सवातील एक संध्याकाळ स्थानिक कलावंतांनी बेघरांसाठी द्यावी आणि रसिकांनी तिकीट काढून यावे, एवढे आपल्यालाही सहज साधेल.