खडा किडनीत, मूळ आतड्यात
लेखमाला : वारशाने आलेलं – भाग ७

मागच्या आठवड्यात आपण यकृतातल्या एका जनुकाच्या बिघाडाने होणारा मुतखडा पाहिला. तो दुर्मीळ. आजच्या प्रकारात पोट आधी बिघडलेलं असतं. वर्षानुवर्षं पातळ शौचाला होतं, आणि एक दिवस पाठीतून जांघेकडे जीवघेणी कळ येते. सोनोग्राफीत खडा दिसतो. पोटाचे डॉक्टर वेगळे, खड्याचे वेगळे; दोन्ही फायली एका टेबलावर क्वचितच येतात.

बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. कच्चट शिजलेल्या अळूने घसा खाजतो तो याच पदार्थाच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. एरवी जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं आणि दोघंही शौचावाटे निघून जातात. चरबी पचेनाशी झाली की सगळं बिनसतं. स्निग्धाम्लं कॅल्शियमला धरतात, त्याचा चक्क साबण होतो, आणि मोकळं राहिलेलं ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून रक्तात व तिथून लघवीत उतरतं. क्रोन्सच्या आजारात लहान आतड्याचा शेवटचा भाग काढावा लागलेल्यांना हे खडे होतात ते असे. मोठं आतडंही काढून पोटावर पिशवी बसवली असेल, तर ऑक्झलेटची वाटच बंद होते. मात्र पिशवीतून पाणी आणि बायकार्बोनेट वाहून जातं, लघवी थोडी आणि आम्लधर्मी होते, आणि खडे धरतात ते युरिक ॲसिडचे. आजार तोच, खड्याची जात मात्र शस्त्रक्रियेवर ठरते!

यात वारसा कुठे आला? सिस्टिक फायब्रोसिस घ्या. त्याचं जनुक, सीएफटीआर, १९८९ मध्ये सापडलं. ते दोन्हीकडून सदोष आलं की स्वादुपिंडाचा स्राव घट्ट होऊन नळ्या तुंबतात, पाचकरस आतड्यात पोचत नाहीत, चरबी तशीच राहते. पुढचं वर आलंच आहे. त्यात छातीच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक्सचे कोर्सवर कोर्स. ऑक्झलेटवरच जगणारा ऑक्झलोबॅक्टर फॉर्मिजेनेस हा आतड्यातला उपकारी जंतू त्यात मारला जातो.

मला याहून पटणारा पुरावा उंदरांचा वाटतो. येल विद्यापीठातल्या पीटर ॲरन्सन यांच्या गटाने २००६ मध्ये एसएलसी२६ए६ हे जनुक नसलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या जनुकाचं प्रथिन रक्तातलं ऑक्झलेट उलट आतड्यात ढकलतं. ते नसलेल्या उंदरांच्या लघवीत ऑक्झलेट वाढलं, खडे झाले, आणि दोष निघाला आतड्यात. याच कुळातलं एसएलसी२६ए३ उलट काम करतं. ते काढून टाकलेल्या उंदरांच्या लघवीत ऑक्झलेट घटतं. माणसात मात्र तेच बिघडलं तर बाळ जन्मतःच क्लोराइडयुक्त जुलाब घेऊन येतं. फिनलंडमध्ये अशी बाळं इतर देशांच्या मानाने जास्त आढळतात.

म्हणून पोट बिघडलेल्या प्रत्येकाने जनुकीय तपासणीला धावावं का? मुळीच नाही. एका घरात जनुकांइतकंच जेवण आणि पाणीही सामाईक असतं, हे विसरून चालत नाही. त्यापेक्षा चोवीस तासांची लघवी गोळा करून त्यातलं ऑक्झलेट, सायट्रेट, कॅल्शियम मोजून घेणं कितीतरी उपयोगाचं. आणि खडा निघाला रे निघाला की ‘दूध-दही बंद’ असं फर्मान घरोघरी सुटतं, त्याने तर नुकसानच होतं. जेवणातलं कॅल्शियम काढून घेतलं तर ऑक्झलेटला आतड्यात अडवणार कोण?

आतडं आणि किडनी दोन्हीकडे एकच वाहक बिघडतो, तरी पोट जराही कुरकुरत नाही, असाही एक वारसा आहे. १८१० मध्ये विल्यम वोलस्टन यांनी मूत्राशयातल्या एका खड्यातून जो पदार्थ वेगळा काढला, त्या सिस्टिनच्या खड्याबद्दल पुढच्या आठवड्यात.